झरी जामणीच्या वाटा आणि शहरांचा पैसा

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, पैनगंगेच्या उत्तर तीरास लागून झरी जामणी हा तालुका पसरलेला आहे. नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. काळी जमीन, मधूनमधून सागाची राने, कापूस हे मुख्य पीक, गोंड व कोलाम बांधवांची वस्ती आणि भूगर्भात कोळसा व चुनखडी, असा हा मुलूख. अशा कडेच्या मुलखाचा इतिहास लिहावयाचा तर राजे व लढाया यांच्यापेक्षा वाटांचाच शोध घ्यावा लागतो. वाट कोणी बांधली हे सरकारी कागदांत सहज सापडते. ती कोणाच्या पैशाने बांधली गेली आणि तिच्यावरून कोणाचा उद्योग चालला, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. सुज्ञ वाचकांपुढे तोच मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी वऱ्हाडात बांधीव रस्ता जवळजवळ नव्हता. माल जाई तो बंजाऱ्यांच्या तांड्यांच्या पाठीवरून, म्हणजे त्यांच्या बैलांच्या पाठीवरून. वऱ्हाडचा कापूस शेकडो मैल चालत उत्तरेस मिर्झापूरच्या पेठेत पोहोचत असे. पश्चिमेकडे, मुंबईस, या कापसाची पहिली खेप विकाजी व पेस्तनजी या पारशी बंधूंच्या पेढीने १८२५-२६ मध्ये पाठविली. पाचशे बैलांचे ओझे, वजन सुमारे १,२०,००० रत्तल आणि किंमत सुमारे २५,००० रुपये, अशी त्या खेपेची नोंद आहे. याच पेढीने पुढे खामगावकडे कापूस दाबण्याचे दाबे बसविले आणि मुंबईकडील वाटा सुधारण्यावर स्वतःचा पैसाही घातला. निजामाच्या दरबारास दिलेली कर्जे बुडाली आणि ही पेढी डबघाईस आली. तरी वऱ्हाडच्या कापसाने तोंड फिरविले ते कायमचे मुंबईकडेच. व्यापाऱ्याने आपल्या धंद्यासाठी वाटेवर खर्च करावा आणि त्या खर्चाने साऱ्या मुलखाच्या व्यापाराची दिशा ठरावी, याचे आपल्याकडील हे फार जुने उदाहरण होय.

सन १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. प्रांताच्या महसुलातून प्रथम हैदराबाद कंटिंजंट फौजेचा खर्च भागवावयाचा, ही त्या तहातील मुख्य गोष्ट. त्यामुळे आरंभी रस्त्यांकडे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. लक्ष गेले ते १८६१ नंतर. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या नजरेत वऱ्हाडची काळी जमीन एकाएकी भरली. दशकाच्या उत्तरार्धात वऱ्हाड व मध्यप्रांतासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक यांची खास कापूस-कमिशनर म्हणून नेमणूक झाली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. खामगाव ही कापसाची पेठ मुख्य मार्गापासून सुमारे आठ मैल बाजूस राहिली होती. तेवढ्यासाठी सरकारने स्वतःच्या खर्चाने जलंबहून फाटा काढला, आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जातीने येऊन तो खुला केला. आठ मैलांच्या रेल्वेसाठी व्हाइसरॉय! लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावावरून 'उमरा' हा कापसाचा एक प्रकारच ओळखला जाई, हे ध्यानात घेतले म्हणजे या थाटाचे आश्चर्य वाटत नाही.

या काळात जे पक्के रस्ते झाले ते बहुतेक सर्व स्थानकांना जोडणारे होते. यवतमाळहून धामणगावास जाणारा रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. रस्त्यांचा नकाशा काढला तर तो रेल्वेच्या कण्याला फुटलेल्या फासळ्यांसारखा दिसेल. गावास गाव जोडणारा, नदीस समांतर जाणारा असा रस्ता त्यात क्वचित. आजचा झरी जामणीचा मुलूख तेव्हा 'वून' म्हणजे वणी जिल्ह्यात मोडत असे. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये पडले. वर्धेहून निघालेला कोळशाचा लोहमार्ग १८७७ मध्ये वरोऱ्यास आला, आणि वणीकडील कापसाच्या बंड्या वर्धा नदी ओलांडून तिकडे वा हिंगणघाटाकडे वळू लागल्या. वणीच्याही खाली असलेल्या या पट्ट्यास मात्र एका बाजूस नदी, दुसऱ्या बाजूस रान आणि पैनगंगेपलीकडे निजामाच्या करोडगिरीचे नाके. फासळी येथवर पोहोचेपर्यंत संपत असे.

आता शहरांच्या पैशाचा विषय येतो. हा पैसा मुळात कोठून येई, हे पाहणे उद्बोधक आहे.

कापसाचा सौदा उघड्यावर, ठरलेल्या जागी व ठरलेल्या मापाने व्हावा म्हणून कारंजा येथे १८८६ मध्ये बाजारास नियम लावण्यात आले. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. हिंदुस्थानात बाजार नियमनाचा हा आद्य कायदा मानला जातो, आणि त्याचा अभिमान आपण वैदर्भीयांनी बाळगावा हे योग्यच आहे. पण त्याची दुसरी बाजू लपविण्याचे कारण नाही. बाजारात येणाऱ्या मालावर फी बसे. बाजाराचा खर्च भागून उरलेली रक्कम त्या त्या नगराच्या म्युनिसिपालटीच्या तिजोरीत जाई. तिजोरीत पैसा आला की नगर काय करील? बाजाराचे आवार बांधील, स्थानकापर्यंतचा रस्ता खडी घालून पक्का करील, जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने ज्या भागात उभे राहिले तेथील गल्ल्या रुंद करील. सारे काही रास्त. रस्ता चांगला तेथे जिन आले, जिन आले तेथे प्रेस आला, प्रेस आला तेथे दलाल, अडते व पेढ्या आल्या. वऱ्हाडातील कापसाच्या नगरांची भरभराट या क्रमाने झाली.

फीचा भार मात्र फिरून त्या गाडीवानावर येत असे, जो आपल्या गावापासून पहिल्या खडीच्या रस्त्यापर्यंत पांदणीतून, गुडघाभर चिखलातून आलेला असे. नगराच्या वेशीतील रस्ता त्याच्या पैशातून गुळगुळीत होई. वेशीबाहेरचा पांदण होता तसाच राही. बाजार-समित्यांवर शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व जवळजवळ नव्हते. म्युनिसिपालटीचे सभासद व कापसाचे व्यापारी यांचाच कारभार. शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात बाजाराचे उत्पन्न नगराच्या सर्वसाधारण फंडात जाऊ देण्याच्या या वहिवाटीवर बोट ठेवले, आणि १९३२ च्या मध्यप्रांत कापूस बाजार कायद्याने बाजार-समितीस स्वतंत्र फंड मिळाला. परंतु तोवर चाळीसेक वर्षे निघून गेली होती, आणि नगर व खेडे यांच्या रस्त्यांतील अंतर पडायचे ते पडून गेले होते. ज्यांनी काळ्या मातीत श्रावणात बंडी हाकली आहे त्यांना या अंतराचा अर्थ सांगावयास नको. लोखंडी धावेचे चाक आसापर्यंत रुतते आणि दोन बैलांचे काम चार बैलांनाही होत नाही.

यानंतरच्या काही घटनांचा उल्लेख केवळ क्रमासाठी करतो. बॅ. मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली व तेथे वीस वर्षांची योजना आखली गेली. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, मोठे जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग ही वर्गवारी तेथे कायम झाली. सुपीक शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असा मनोदयही तेथेच व्यक्त झाला. आपल्या नागपुरास बसून आखलेली योजना आपल्या कडेच्या तालुक्यापर्यंत पोहोचावयास किती काळ लागावा? १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करण्याचे वचन दिले. १९८४ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समितीने त्या वचनाचा हिशेब मांडला, तेव्हा अनुशेषाच्या यादीत रस्त्यांचे प्रकरण होतेच.

यापेक्षा अधिक विस्ताराने सांगण्याजोगी गोष्ट आहे ती रोजगार हमीची. कारण येथे पैशाचा ओघ प्रथमच उलटा वाहिला. नगराकडून खेड्याकडे.

विधान परिषदेचे सभापती कै. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये या योजनेचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागेल त्यास काम देण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. यासाठी पैसा उभा करण्याची जी युक्ती काढली ती खरोखर नामी होती. १९७५ च्या अधिनियमाने व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकरी यांवर कर बसविण्यात आला आणि त्यातून जितकी रक्कम जमेल तितकीच भर शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. पगारदार वाचकांस हा कर चांगला परिचयाचा आहे. पगारपत्रकावर दरमहा दोनशे रुपये व फेब्रुवारीत तीनशे, मिळून वर्षाचे अडीच हजार. (राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदातील मर्यादा १९८८ पर्यंत वर्षास अवघी अडीचशे रुपये होती.) या कराचा सर्वांत मोठा वाटा मुंबईने भरला. फोर्टातील कारकून, परळचा गिरणी कामगार, गिरगावातील वकील यांच्या खिशातून निघालेल्या रुपयाने विदर्भ-मराठवाड्यातील बाया-माणसे खडी फोडू लागली आणि त्या खडीचे रस्ते होऊ लागले.

मुंबईने हा पैसा उपकार म्हणून दिला असे समजणे इतिहासास धरून होणार नाही. मुंबईच्या गिरण्या व मुंबईचे बंदर ज्या कापसावर उभे राहिले त्यात वऱ्हाडचा वाटा किती मोठा, हे वर आलेच आहे. शंभर वर्षांच्या जुन्या खात्यातील एक हप्ता उलट जमा झाला, एवढेच फार तर म्हणता येईल.

या रस्त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. योजनेचा मुख्य हेतू मजुरी हा होता. म्हणून कामाच्या खर्चापैकी निदान शेकडा साठ रक्कम अकुशल मजुरीवर जावी असा नियम होता. रस्त्याचा खर्च पाहिला तर मातीकाम व खडी फोडणे यांत मजुरी अधिक. डांबर, रोलर, मोऱ्या व पूल यांत साहित्य व यंत्र अधिक. परिणाम उघड होता. भराव झाला, मुरूम पडला, खडी पसरली, आणि नियमाचा हिशेब तेथेच थांबला. नाल्यावर मोरी नसलेला रस्ता म्हणजे आठ महिन्यांचा रस्ता. तरीही, ज्या गावांस पूर्वी केवळ पांदण होता त्यांस निदान भराव मिळाला. पुढे डांबरीकरण झाले ते पुष्कळ ठिकाणी याच भरावांवर. योजनेस अपुऱ्या रस्त्यांबद्दल दोष देणारे हे विसरतात की दुष्काळात चूल पेटविणे हे तिचे पहिले काम होते आणि ते तिने केले.

आता शहराने जाणूनबुजून उद्योगासाठी रस्ते बांधले व त्याचे फळ शहरासच मिळाले, असे अलीकडचे उदाहरण पाहू. म्हणजे तुलना स्पष्ट होईल. पुण्याजवळील पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना सुरू झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. टेल्को व बजाज यांसारखे कारखाने आले, आणि १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, भोसरी व आकुर्डी ही गावे मिळून नगरपालिका झाली. १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. कारखान्यात येणाऱ्या कच्च्या मालावर जकात बसे. जकातीतून रुंद रस्ते झाले. रस्त्यांमुळे आणखी कारखाने आले व त्यांनी आणखी जकात भरली. चार खेड्यांचे नगर आशियातील श्रीमंत नगरांत गणले जाऊ लागले. यातील मर्म असे की कारखाना, रस्ता व कर ही तिन्ही एकाच वेशीच्या आत होती. जकात पुढे गेली. नगरपालिकांची १९९९ मध्ये, तर महानगरपालिकांच्या बाबतीत उरलेसुरले सारे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर. पण तोवर रस्ते होऊन चुकले होते.

झरी जामणीकडे उद्योग आला तो या सोयीवाचून. मुकुटबन हे या तालुक्यातील मोठे गाव. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. परिसरात चुनखडीचे साठे आहेत व मार्की-मांगलीचा कोळसा आहे. तेथील कोळसा-खंडांचे वाटप, देशातील इतर दोनशेहून अधिक वाटपांबरोबर, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केले व पुढे लिलाव झाले. २०२२ मध्ये मुकुटबन येथे वर्षास ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना उत्पादन करू लागला. कापसाच्या बंड्यांच्या वाटेवर अवजड मालमोटारी आल्या.

मालमोटार रस्त्याचे किती नुकसान करते याचे शास्त्र ठरलेले आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांवर रात्रंदिवस गाड्या फिरविण्यात आल्या. त्यातून असे दिसले की आसावरील वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट न होता जवळजवळ सोळा पट होते. आपल्याकडे चार चाकांच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. वाढ दिसावयास शेकडा तेरा. वरील हिशेबाने झीज मात्र शेकडा साठांनी वाढते. कापसाची बंडी, एसटीची गाडी व शाळकरी पोरांच्या सायकली यांच्यासाठी बांधलेला ग्रामीण मार्ग हे ओझे पेलू शकत नाही, यात ठेकेदाराचा दोष असो वा नसो.

मग हा खर्च कोणी सोसावा? १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२५ व्या कलमान्वये कारखान्याने करांऐवजी ग्रामपंचायतीस ठोक रक्कम देण्याचा करार करता येतो. पण ती रक्कम ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत कारखाना आहे तिला मिळते. मालमोटारी मात्र इतर पाच-दहा गावांच्या शिवारातून जातात. १८९७ सालची वेस येथे पुन्हा भेटते. फरक इतकाच की तेव्हा वेशीच्या आत नगर होते.

या अडचणीवर २०१५ मध्ये एक तोड निघाली. खाणकाम कायद्यातील दुरुस्तीने प्रत्येक खनिज जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याचे ठरले. लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या शेकडा दहा व त्यापूर्वीच्या पट्ट्यांनी शेकडा तीस इतकी जादा रक्कम त्यात भरावयाची असते. प्रथम नियम असा होता की निदान शेकडा साठ रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण अशा कामांवर जावी व उरलेल्यातून रस्ते-पूल व्हावेत. २०२४ च्या सुधारणेने पहिला वाटा सत्तरांवर नेला. आरोग्यास अग्रक्रम द्यावा याबद्दल कोणाचे दुमत असणार? पण प्रसूतीसाठी अडलेल्या बाईस खाटेवर घालून पक्क्या रस्त्यापर्यंत न्यावे लागत असेल, तर तो रस्ता आरोग्याच्या सदरात का धरू नये, असे मला वाटते. खनिजबाधित गावांची यादी ठरविताना ग्रामसभेस विचारावयाचे असते आणि प्रतिष्ठानाचा वार्षिक हिशेब जाहीर करावयाचा असतो. तालुक्यातील आपल्या बांधवांनी, विशेषतः ग्रामसभेस बसणाऱ्या तरुणांनी, तो मागवून वाचावा.

कोलाम बांधवांच्या पोडांविषयी लिहिल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून गणल्या आहेत त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम आहेत. त्यांची पोडे गावठाणापासून दूर, रानाच्या कडेस आणि लहान असतात. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मैदानी मुलखात पाचशे व आदिवासी भागात अडीचशे लोकवस्ती ही अट घातली. तिचा पैसा मुख्यतः डिझेलवरील उपकरातून येई. म्हणजे देशातील शहराशहरांची वाहने त्यात भर घालीत. अडीचशेच्या अटीत पोड बसणे कठीण. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी घोषित झालेल्या जनमन अभियानाने या जमातींच्या वस्त्यांसाठी ती अट शंभरावर आणली व देशभरात ८,००० किलोमीटर रस्त्यांचे उद्दिष्ट ठेवले. सव्वाशे-दीडशे माणसांच्या पोडास आता रस्त्याचा हक्क सांगता येतो. वीस-पंचवीस झोपड्यांचे, शंभराच्या आतले पोड अजून त्या हिशेबाबाहेर आहे, आणि तेथील कापूस पहिल्या डांबरी रस्त्यापर्यंत डोक्यावरून किंवा बंडीतून, पांदणीनेच यावयाचा आहे.